तेविसावी बॅटरी

आईचा उजवा हात प्लास्टरात गेला त्याला नऊ दिवस झाले होते. रविवार गाठून तिघा भावंडांची बैठक बसली. बैठक हा शब्द थोरल्याचा. तीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या माणसाला घरात चार डोकी जमली तरी बैठकच दिसते. तो टेबलाच्या डोक्याशी बसला, खिशातून कागद काढून त्याची घडी उलगडली, चष्मा चढवला आणि खाकरला. त्याची बायको शेजारी बसली, पण खुर्ची हातभर मागे ओढून. उद्या काही अंगाशी आलं तर आपण त्या टेबलाला नव्हतोच, असं म्हणायला जागा हवी. खिडकीपाशी धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी घर तिला चिमणीच म्हणतं. बँकेत तिच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत ही गोष्ट इथे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

मधला मात्र उभाच होता. दोघांच्या मध्ये जन्मला म्हणून त्याला मधल्या अशी हाक पडली आणि आईपासून खालच्या इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी ती उचलली. फक्त वहिनी त्याला भावोजी म्हणायची. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली, त्यात लग्न राहून गेलं, आणि दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. वडील गेल्यावर एकतीस वर्षं या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तो आणि आई, दोघंच. आई इथं राहणार की थोरल्याकडे जाणार, हे आज ठरायचं होतं. बाकीच्यांसाठी तो सोयीचा प्रश्न होता. मधल्यासाठी तो असा होता की आई गेली तर या घरात सकाळी कुणी कुणाला "उठलास का" म्हणणार नाही.

त्याचा उजवा हात विजारीच्या खिशात होता आणि खिशात बॅटरी होती. करंगळीएवढी जाड, एका सेलची, पितळेची. नऊ दिवस ती तिथंच होती आणि ते एकट्या त्यालाच ठाऊक होतं, अशी त्याची समजूत होती.

या बॅटऱ्यांचा नाद त्याला निवृत्तीनंतर लागला. जुन्या बाजारातून छोट्या पितळी बॅटऱ्या आणायच्या. आटे खरवडून साफ करायचे, त्यांना बोटाच्या टोकावर मावेल एवढं वंगण लावायचं. आतला पिवळा बल्ब उपसून टाकायचा आणि त्या जागी मसुरीएवढा एलईडी, त्याच्यामागे नाण्याएवढं सर्किट. स्प्रिंगवर तांब्याची बारीक तार कथील वितळवून डाखून घ्यायची, म्हणजे वीज वाटेत सांडत नाही. शेवटी लिंबू-मीठ लावून पितळ उजळायचं. मागच्या खोलीत हे सगळं चाले. फोनवर अशाच वेड्यांचा एक ग्रुप होता, अकरा जणांचा. त्यातल्या एकाचंही खरं नाव मधल्याला माहीत नव्हतं, पण सुंदर डाख कशाला म्हणतात ते त्या अकरांना कळत होतं. घरच्यांना त्यानं एकेक बॅटरी भेट दिली होती. थोरल्याची कपाटात होती, वहिनीची तिच्या माहेरी गेली होती आणि चिमणीची कुठे होती हे चिमणीला सांगता येत नव्हतं.

बावीस झाल्यावर त्यानं घरची बॅटरी हातात घेतली. वडिलांनी आणलेली, दाराच्या खुंटीला पन्नास वर्षं लटकलेली. तिचा संपर्क ढिला होता. आई ती तळहातावर दोनदा आपटायची आणि मग तोंड स्वतःकडे वळवून आत बघायची, लागली की नाही म्हणून. इतका मंद उजेड की बाहेरून कळायचंच नाही. मधल्यानं आईला न विचारता ती खोलली, आणि खोलली ती थांबलाच नाही. सगळ्यात जोरकस एलईडी, सगळ्यात हुशार सर्किट. एकदा दाबलं की मंद, दोनदा दाबलं की मध्यम, तीनदा दाबलं की डोळे दिपतील असा, आणि दाबून धरलं की त्याच जोरात लुकलुक. शिवाय ते सर्किट लक्षात ठेवायचं. ज्या चालीवर बंद केलं त्याच चालीवर पुन्हा सुरू. घरातल्या खुंटीसाठी हे नाकापेक्षा मोती जड होतं, पण हौसेला कोण सांगणार? त्यानं ग्रुपसाठी लुकलुकीची चित्रफीत काढली, अकरा अंगठे मिळवले, बॅटरी बंद केली आणि खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आई खालचं फाटक लावायला निघाली. जिन्यात अंधार होता. तिनं खुंटीवरची बॅटरी घेतली, सवयीनं तळहातावर दोनदा आपटली, बटण दाबलं आणि सवयीनंच तोंड स्वतःकडे वळवून आत बघितलं. मोतीबिंदू काढलेले डोळे ते. तीन पायऱ्या खाली ती मनगटावर पडली. मधला धावला तेव्हा बॅटरी कोपऱ्यात भिंतीवर लुकलुकत होती. आधी त्यानं आईला उचललं. मग बॅटरी उचलली आणि खिशात टाकली.

दवाखान्यात आई म्हणाली, "चक्कर आली." ती असं का म्हणाली ते त्याला कळलं नाही. कदाचित तिला खरंच काही आठवत नसेल, असं त्यानं मनाला समजावलं. आणि मूग गिळून बसला.

"मुद्दा पहिला," थोरला म्हणाला, "जिना. एकोणचाळीस पायऱ्या. आमच्याकडे लिफ्ट आहे."

"लिफ्ट आहे, पण बंद असते," वहिनी मागून म्हणाली. "म्हणजे आई आल्या तर आनंदच आहे. माझं काही नाही. फक्त सूनबाईचे दिवस भरत आलेत, तिची आई यायचीय, झोपायला जागा कशी करायची एवढंच."

"म्हणजे तुला नको आहे," चिमणी म्हणाली.

"मी असं म्हटलं का?"

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस, वहिनी? नको तर नको म्हण. कुणी रागावणार नाही."

आई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. प्लास्टरचा हात उशीवर ठेवलेला, डोळे अर्धे मिटलेले. बोलणं चालू असताना तिची मान हळूहळू खाली यायची आणि एकदम दचकून वर व्हायची. चक्करेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून ती अशीच होती. पंधरा दिवसांपूर्वी हिनं दाराशी आलेल्या भाजीवाल्याला वजनावरून घाम फोडला होता, आणि आता तिला आपल्याच घरात कोण काय बोलतंय ते समजत नव्हतं.

"मुद्दा दुसरा," थोरला म्हणाला. "मधल्या, राग मानू नकोस. पण जिन्यातला बल्ब किती दिवस गेलेला होता?"

मधल्यानं खिशातली बॅटरी चाचपली.

"इस्त्रीवाला सांगत होता, दोन महिने. तू घरात बसून वीस-पंचवीस बॅटऱ्या घडवल्यास, मोटारीच्या दिव्यासारख्या, आणि जिन्यात एक बल्ब लावला नाहीस. याला काय म्हणायचं?"

 उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. बल्ब गेला तेव्हा मधल्याला मनातून बरंच वाटलं होतं. जिन्यात उजेड असता तर बॅटरी लागली कुणाला असती?

"दादा, तू वर्षातून दोनदा येतोस आणि उंटावरून शेळ्या हाकतोस," चिमणी म्हणाली. ती खिडकीजवळून उठून मधल्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. "मीही तशीच, मी काही वेगळी नाही. पण एकतीस वर्षं हा आहे इथं. आईचं पथ्य, आईचा चष्मा, आईची पहाटेची कुरकुर, सगळं यानं केलं. आपण दोघांनी काय केलं? सणावाराला फोन. आता एक पायरी चुकली म्हणून याच्याकडून तिला काढून घ्यायचं?"

"काढून घ्यायचं काय त्यात? ती काय वस्तू आहे?"

"तेच म्हणतेय मी. दिवसभरासाठी एक बाई ठेवू. जिन्यात बल्ब लावू, एक नाही दोन लावू. आणि आई राहील तिच्या घरात."

थोरल्यानं कागदाकडे पाहिलं. कागदावर आणखी चार मुद्दे होते, पण ते वाचण्यात अर्थ राहिला नव्हता हे त्याला दिसलं. हेडमास्तर असला तरी तो मुळात वाईट माणूस नव्हता. "माझा हट्ट नाही," तो म्हणाला. "चक्कर का येते ते मात्र कळलं पाहिजे. मंगळवारी मोठ्या तपासण्या ठरवल्यात, त्या मेंदूच्या मशीनसकट. डॉक्टरांनी तोवर गोळी दुप्पट करायला सांगितलीय. ते सगळं नीट झालं तर राहू दे इथं."

"म्हणजे ठरलं," चिमणी म्हणाली.

"ठरलं," वहिनीनं इतक्या झटकन म्हटलं की थोरल्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं.

मधल्याचा श्वास मोकळा झाला. नऊ दिवसांत पहिल्यांदा. आई राहणार होती. सकाळचा चहा, तिची कुरकुर, तिचं ते "बंद कर तो डाखेचा वास," सगळं राहणार होतं. त्याला गप्प बसण्यापलीकडे काहीच करावं लागलं नव्हतं.

"अकरा वाजले," चिमणी म्हणाली. तिनं कपाटावरची गोळ्यांची पट्टी त्याच्या हातात दिली. "आता दोन ना? तूच दे. तुझ्या हातून मुकाट घेते ती."

त्यानं पट्टीतून दोन गोळ्या तळहातावर काढल्या. पेला भरला. आईजवळ गेला. तिनं डोळे उघडले, त्याला पाहिलं, तळहाताकडे पाहिलं आणि काही न विचारता तोंड उघडलं. आयुष्यभर प्रत्येक औषधावर डॉक्टरशी वाद घातलेली बाई ती. तिच्या उघड्या तोंडाकडे बघत मधला तसाच उभा राहिला.

"अरे दे ना," चिमणी म्हणाली.

"तिला चक्कर आली नव्हती," मधला म्हणाला.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. त्यानं गोळ्या टेबलावर ठेवल्या, खिशातून बॅटरी काढली आणि तीही त्यांच्याशेजारी ठेवली. मग त्यानं सांगितलं. सर्किट, लुकलुक, लक्षात ठेवणं, आईची आत बघायची सवय. सांगताना तो थांबला नाही आणि कुणाकडे बघितलंही नाही. "ही सवय मला माहीत होती," तो शेवटी म्हणाला. "आपल्या सगळ्यांनाच माहीत होती. मी विसरलो. आणि मग बोललो नाही."

 थोरल्यानं बॅटरी उचलली, उलटसुलट करून पाहिली, बटण दाबलं. दिवसाउजेडीसुद्धा भिंत लखलखून लुकलुकायला लागली. त्यानं घाईनं ती बंद केली. मधल्याला वाटलं, आता हा फाडून खाणार. पण थोरला म्हणाला, "बाबांची आहे ना ही? ओळखू आली नाही." एवढंच म्हणाला आणि चष्मा काढून पुसत बसला.

"म्हणजे चक्कर नाहीच," वहिनी म्हणाली. "मग तर प्रश्नच मिटला. इथं राहायला हरकत काय? उलट बरंच झालं."

चिमणी मात्र मधल्याच्या बाजूला होती तिथून दूर झाली. टेबलाला वळसा घालून आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"नऊ दिवस," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, बँकेत कुणाची चूक काढताना ती बहुधा असंच बोलत असावी. "तू चुकलास, तुझ्या हातून बॅटरी बिघडली, माझं काही म्हणणं नाही. माणसाच्या हातून होतं. पण रोज दोन वेळा तू स्वतःच्या हातानं तिला त्या गोळ्या दिल्यास. ती बसल्या जागी पेंगतेय ते तुला दिसत होतं. परवा मेंदूच्या मशीनमध्ये घातली असती तिला. आणि मी मूर्ख, इथं तुझी पाठराखण करतेय."

"मला भीती वाटली," मधला म्हणाला.

"कसली?"

"ती जाईल याची."

चिमणीनं तोंड फिरवलं आणि डॉक्टरांना फोन लावायला आतल्या खोलीत गेली. तिचं बोलणं भिंतीपलीकडून तुटक ऐकू येत होतं. गोळ्या आजपासून बंद, तपासण्या रद्द, दोन दिवसांत सुस्ती उतरेल असं काहीसं. ती बाहेर आली तेव्हा आई पूर्ण जागी होती. निदान डोळे तरी उघडे होते आणि ते मधल्यावर खिळले होते.

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

"काय?"

"तुला माहीत आहे ते. पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी विचारलं होतं, बॅटरी कुठं गेली. तू म्हणालास, सापडली नाही. चाळीस वर्षं राईएवढा काटा हलला तरी तुला दिसायचा. पितळेची बॅटरी जिन्यात सापडली नाही होय?"

"मग तू चक्कर का म्हणालीस?"

"खरं सांगितलं असतं तर यानं तुझ्या त्या खोलीला कुलूप ठोकलं असतं." तिनं डाव्या हातानं थोरल्याकडे बोट केलं. "तुला दुसरं आहे काय? म्हटलं, दादाला नको, चिमणीला नको, मला एकटीला सांगेल. चहा देताना सांगेल. गोळी देताना सांगेल. प्रत्येक गोळीला वाटायचं, आत्ता सांगेल. म्हणून घेत गेले."

मधल्यानं टेबलावरच्या दोन्ही गोळ्या उचलून मुठीत घेतल्या. 

"मी जाते चिमणीकडे," आई म्हणाली.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"ते मला ठरवू दे. तुझ्यावर रागावून नाही जात. दोन माणसं एका घरात राहून एकमेकांना सांगत नसतील तर त्यांनी जरा लांब राहून बघावं. संध्याकाळी फोन कर. रोज."

दुपारी ती गेली. थोरल्यानं एका बाजूनं धरलं, चिमणीनं दुसऱ्या. मधल्याच्या हातात कपड्यांची पिशवी होती आणि तो मागून एकेक पायरी उतरत होता. गाडीचं दार लागायच्या आधी वहिनी त्याच्याजवळ आली आणि पहिल्यांदाच काही आडपडदा न ठेवता म्हणाली, "भावोजी, मला हायसं वाटलं, याची लाज वाटतेय." तो नुसता मान हलवून उभा राहिला. मग गाडी वळली.

वर आल्यावर त्यानं टेबल पुसलं. चार खुर्च्या जागेवर लावल्या. आईची उशी उचलून तिच्या पलंगावर ठेवली, ती वाकडी वाटली म्हणून सरळ केली, मग पुन्हा होती तशी ठेवली. मागच्या खोलीत फोन दोनदा वाजला. ग्रुपवर कुणीतरी विचारत होतं, नवी चित्रफीत कधी. त्यानं उत्तर दिलं नाही. घर मोठं नव्हतं, तीन खोल्या, पण चारला त्याला कळलं की आपण दुपारपासून एकही शब्द मोठ्यानं उच्चारलेला नाही, आणि उद्याही उच्चारायला कारण नाही.

साडेसहाला त्यानं फोन लावला. चिमणीनं उचलला आणि एक शब्द न बोलता आईच्या कानाला लावला असावा, कारण पुढे आईचा आवाज आला.

"जेवलास?"

"हो."

"काय केलंस दुपारभर?"

काही नाही, हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. एकतीस वर्षं आई हा प्रश्न विचारत होती आणि एकतीस वर्षं तेच उत्तर होतं. मागच्या खोलीतून बाहेर येताना, काट्यांच्या कारखान्यातून परतताना, कधीही. ते त्यानं गिळलं.

"तुझ्या पलंगावर बसलो होतो," तो म्हणाला. "विचार करत होतो की ती बॅटरी मी खोललीच का. आई, तुझी सवय मी विसरलो नव्हतो, बॅटरी लुकलुकीवर बंद केलीय ते विसरलो होतो. मला वाटलं होतं तू आत बघशील आणि चकित होशील. मी दारामागे उभा राहणार होतो, तुझं तोंड बघायला. मग ग्रुपवरच्या कुणीतरी प्रश्न विचारला आणि मी मागे गेलो. अकरा माणसांना उत्तर देत बसलो. तू जिन्यात गेलीस ते मला ऐकू आलं होतं. म्हटलं, हे एवढं लिहून होऊ दे."

 ही गोष्ट त्यानं सकाळीही सांगितली नव्हती. आता बांध फुटला तसा तो बोलत राहिला. दवाखान्यात तिचं मनगट बसवताना ती ओरडली तेव्हा तो बाहेर पळाला होता, ते सांगितलं. जिन्यातल्या बल्बचं खरं सांगितलं. दादाच्या लग्नात आपल्याला किती एकटं वाटलं होतं, तेही कुठून कसं आठवून सांगितलं. बोलता बोलता बाहेर अंधारलं आणि त्याला दिवा लावायचंही सुचलं नाही.

घसा कोरडा पडला तेव्हा तो थांबला. "आई? ऐकतेयस ना?"

"आई मघाशीच उठून गेली," चिमणीचा आवाज आला. जरा भरलेला होता. "बल्बचं सांगत होतास तेव्हा. आत बसलीय डोळे पुसत. जाताना फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, तो बोलतोय तोवर ठेवू नकोस."